लतिकाचा गरुड आणि माझं जहाज

मला लतिकाचा हेवा वाटतो असं मंडळातल्या बायका म्हणतात. ते खरं नाही. हेवा वाटायला समोरच्या माणसाकडे आपल्यापेक्षा काहीतरी जास्त असावं लागतं, आणि गेल्या दिवाळीपर्यंत लतिकाकडे तसं काही नव्हतं.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती दुबईच्या करामा भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मला तो दिवस चांगला आठवतो. अंगावर मोरपंखी साडी, हातात वाटी, आणि तोंडात पहिलं वाक्य, "चमचाभर विरजण मिळेल का?" मी दिलं. आज ती अबू धाबीला अल रीम आयलंडवर एकतिसाव्या मजल्यावर राहते आणि तिच्याकडचं दही सगळ्यांना आवडतं. ते दही माझ्या विरजणाचं आहे, हे मी कुणाला मुद्दाम सांगत नाही. विषय निघाला तरच सांगते. दह्याचा विषय तसा बऱ्याचदा निघतो.

त्यानंतरची चाळीस वर्षं एका नियमाने गेली. मी काही घ्यायचं आणि सहा महिन्यांनी लतिकाने तेच थोडं मोठं घ्यायचं. मी दोन दारांचा फ्रिज घेतला, तिच्या फ्रिजला बाहेरून पाणी यायला लागलं. पण कल्पना दर वेळी माझी असायची, आणि त्या समाधानावर मी तग धरून होते.

मग तिचा मुलगा देवांश मोठ्या नोकरीला लागला, त्याने अल रीमला घर घेतलं आणि आईला घेऊन गेला. दिवाळीच्या फराळाला तिने आम्हा सगळ्या जुन्या मैत्रिणींना बोलावलं. करामातून दीड तास. आमचा मुलगा परेश गाडी चालवत होता, मागे मी, हे आणि नात अस्मी. चकल्यांचा डबा माझ्या मांडीवर. लतिकाच्या चकल्या मऊ पडतात हे मला माहीत असल्यामुळे मी खुशीत होते.

दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर तो आरसा.

गोल, परातीएवढा, सोनेरी चौकटीचा. चौकटीवर ओळीने सोनेरी गोळे, दोन बाजूंना मेणबत्त्या लावायचे हात, आणि डोक्यावर पंख पसरलेला पक्षी. काच सपाट नव्हती, पोळीसारखी टम्म फुगलेली होती. लतिकाने सांगितलं की हा अमेरिकन अँटिक आहे, दोनशे वर्षांचा. देवांशचे साहेब अमेरिकेला परत गेले, जाताना त्याला अगदी घरच्या भावात देऊन गेले. गोळे तेरा असावेत, कारण अमेरिकेची मूळ राज्यं तेरा, म्हणून तिने ते आमच्यासमोर मोजून दाखवले. पक्षी म्हणजे त्यांचं राष्ट्रचिन्ह. आमच्यातल्या एकीने तोपर्यंत गरुड समजून नमस्कार करून घेतला होता.

"आणि काच अशी का माहितीये?" लतिका म्हणाली. "हिच्यात अख्खी खोली दिसते. पूर्वी नोकर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि कुणाचा पेला रिकामा झाला ते आरशात बघायचे. आता मी बघते."

आम्ही सगळ्या जणी ओळीने त्यात बघून आलो. माझं नाक मला वांग्याएवढं दिसलं. पण त्या संध्याकाळी माझ्या चकल्यांबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. लतिकाच्या मऊ चकल्या खात सगळ्या जणी आरशाकडे बघत होत्या.

परतताना गाडीत मी ह्यांना विचारलं, "आपल्याकडे जुनं अमेरिकन असं काय आहे?"

ह्यांनी बराच विचार केला. ह्यांचं नाव वासुदेव, चौतीस वर्षं गोदीत स्टोअरकीपर होते, कुठली वस्तू कुठे आहे हे आजही बिनचूक सांगतात. "तुझा ब्लेंडर," ते म्हणाले. "चालत नाही तोही."

ब्लेंडर भिंतीवर लावता येत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात आमच्याकडे हळदीकुंकू असतं. तीस वर्षं मंडळात 'आशाकडचं हळदीकुंकू' असं म्हणतात, तारीखसुद्धा विचारत नाहीत. या वर्षी त्याच बायका माझ्या घरात बसून लतिकाच्या आरशाबद्दल बोलणार होत्या. मी ठरवलं की आपल्याकडेही जुना अमेरिकन आरसा असेल, तो लतिकाच्याहून जुना असेल, आणि माझ्या घरात, माझ्या तिळाच्या वड्या खाता खाता, लतिका एकदा तरी 'वा' म्हणेल. चाळीस वर्षांत ती ते म्हणालेली नाही. 'बरं झालंय' म्हणते.

अस्मी चौदा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं पण ती उत्तरं इंग्रजीत देते. तिने मला फोनवर जुन्या सामानाचे व्हिडिओ लावून दिले. महिनाभर मी दुपारची झोप सोडून अमेरिकन खुर्च्या बघितल्या आणि बरंच शिकले. जुन्या लाकडाची मागची बाजू हवा लागून काळपट तपकिरी होते. हाताने रंधा मारलेल्या फळीवर बोटं फिरवली तर हलक्या लाटा लागतात. खणाचे कोपरे हाताने खाचा पाडून जोडलेले असतील तर सगळ्या खाचा सारख्या नसतात. सारख्या असल्या की यंत्राच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तू पुढून बघायची नाही, मागून आणि खालून बघायची.

हे कळल्यावर मला राहवेना. समोरच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे लतिकाच्या जुन्या फ्लॅटमध्ये, हल्ली संजना राहते. तिच्याकडे गेले असताना मी तिच्या कपाटाचा खण बाहेर ओढून पाहिला. खाचा यंत्राच्या निघाल्या. पण आत माझ्या पुरणयंत्राची जाळी सापडली, सहा महिन्यांपासून हरवलेली. मंडळाच्या सेक्रेटरींकडे त्यांच्या आजोबांच्या वेळचं टेबल आहे असं ऐकून मी त्याच्याखाली शिरले. शिरताना काही झालं नाही. निघताना गुडघा अडकला. सेक्रेटरींनी आणि त्यांच्या जावयाने मला धरून काढलं. जावयाची आणि माझी ती पहिलीच भेट. टेबल नवीन होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नसावं.

संजना फोनवरून लोकांना वास्तुशास्त्राचे सल्ले देते. ती म्हणाली की आरसा उत्तरेच्या भिंतीला लावा, दारासमोर नको, लक्ष्मी आत येता येता स्वतःला बघून परत फिरते. मी म्हटलं, लतिकाकडे दारासमोरच आहे. संजना म्हणाली, "मग बघा तुम्ही, काकू." मला संजना एकदम आवडायला लागली.

पहिला आरसा अस्मीने शार्जातल्या एका माणसाकडे शोधला. फोटोत फार राजेशाही दिसत होता. मी मागून बघितला. फळीवर छापलं होतं, मुरादाबाद. मग शेजारच्या गल्लीतल्या दुकानदाराने सांगितलं की खरं जुनं सामान हवं असेल तर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला मुनीरभाईंच्या गोदामात जा. गोरे लोक देश सोडून जाताना व्हिला रिकामे करतात, ते सगळं त्यांच्याकडे येतं.

मुनीरभाई पेशावरकडचे, साठीचे, दाढीला मेंदी. गोदामात एका अमेरिकन डुलत्या खुर्चीत बसून चहा पीत होते. मी त्यांची खुर्ची खालून बघायला वाकले तेव्हा त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि उठून उभे राहिले. मला पारखी समजले असावेत. त्यानंतर ते माझ्याशी फार अदबीने बोलले.

आरसा मागच्या कोपऱ्यात, कपाटांच्या आड होता. उभा, साधारण माझ्या कमरेएवढा उंच. दोन बाजूंना बारीक सोनेरी खांब, वर सोनेरी गोळ्यांची रांग. मोजले, तेरा. लतिकाचेच तेरा. आणि गोळ्यांच्या खाली वेगळी छोटी काच, तिच्यावर मागच्या बाजूने रंगवलेलं जहाज, निळ्या समुद्रात, शिडं फुगलेली. सगळ्यावर धुळीचा आणि काजळीचा थर. मागची फळी काळपट, बोटांना लाटा लागल्या, खिळे चौकोनी डोक्यांचे. फळीच्या मधोमध पिवळा पडलेला कागद चिकटवलेला, त्यावर वेलबुट्टीच्या अक्षरांत कुणाचं तरी नाव आणि गाव. माझं काळीज धडधडायला लागलं. हे मला बघायला आले होते तेव्हाही एवढं धडधडलं नव्हतं, हे ह्यांना माहीत आहे.

मुनीरभाई म्हणाले, "देखिए अम्मा, मैं झूठ नहीं बोलूँगा. दो सौ साल का है कि डेढ़ सौ का, अल्लाह जाने. मगर असली है." पंचवीसशे दिरहम म्हणाले. मी अठराशेवर आणलं. म्हणजे बेचाळीस हजार रुपये, असं हे मोठ्याने म्हणाले आणि जवळच्या सोफ्यावर बसले. तो सोफाही विकायचा होता, म्हणून मी त्यांना उठवलं.

निघताना मुनीरभाईंनी आरशावर हात ठेवून सांगितलं, "इसको साफ़ मत करना, अम्मा. जैसा है, वैसा ही रखना."

मी मान डोलावली. दुकानदाराने असं म्हणणं साहजिक होतं. स्वतः कधी फडका मारला नाही, तो दुसऱ्याला कशाला मारा म्हणेल.

आरसा घरी आणणं हा वेगळाच प्रकार झाला. टॅक्सीवाल्याने नुसतं बघितलं आणि काच वर केली. पिकअप ठरवला. तो बिल्डिंगपाशी आला तर खाली अडवलं, कारण फर्निचर आत न्यायला घरमालकांच्या कंपनीची एनओसी लागते. तिथले मॅनेजर मुझम्मिल. फार सज्जन मनुष्य, गेली वीस वर्षं मला कुठल्याच गोष्टीला नाही म्हणालेला नाही आणि एकही काम वेळेत केलेलं नाही. मी म्हटलं, हे फर्निचर नाही, आरसा आहे. मुझम्मिलने फॉर्म बघितला. फॉर्मवर आरशाला जागा नव्हती. पलंग, कपाट, सोफा, फ्रिज आणि 'इतर' होतं. 'इतर'ला वस्तूची पावती, फोटो आणि ती कुठून आली याचा पत्ता लागतो. मी लिहिलं, अमेरिका. तर म्हणाले, मग कस्टमचा कागद द्या. शेवटी आरसा 'कपाट' म्हणून आत आला. तोपर्यंत दोन दिवस तो खाली वॉचमनच्या खोलीत होता आणि अख्ख्या बिल्डिंगने त्यात बघून भांग पाडून घेतले होते.

मग भिंतीला ड्रिल करायची एनओसी वेगळी. तिला इन्शाल्ला सहा दिवस लागले. तेवढ्यात संजनाने सगळ्या मजल्यांवर आणि मंडळाच्या ग्रुपवर सांगून टाकलं की आशाकाकूंनी लतिकाकाकूंच्याहून जुना आरसा आणलाय. मी तिला गप्प राहायला सांगणार होते, पण मला वेळ झाला नाही.

आता हळदीकुंकवाला तीन दिवस उरले होते. आरसा हॉलमध्ये भिंतीला टेकवलेला. आणि मला त्याचा वास यायला लागला. कुणाच्या घरातला, कुणाच्या हातचा, मेलेल्या माणसांचे चेहरे बघितलेला. असली वस्तू न धुता देवघराशेजारच्या भिंतीला लावायची? आमच्याकडे बाजारातून आलेलं नवं कोरं पातेलंसुद्धा घासल्याशिवाय गॅसवर चढत नाही. शिवाय ती काजळी. लतिकाचा आरसा लखलखत होता.

दुपारी हे झोपले तेव्हा मी आरसा न्हाणीघरात नेला. अस्मीने एक बाजू धरली. ती म्हणाली, "आजी, आर यू शुअर?" शुअर नसताना मी आयुष्यात काही केलेलं नाही.

चिंच कोमट पाण्यात भिजवली होती. थोडं मीठ घातलं. या मिश्रणाने मी चाळीस वर्षं समया, घंगाळ आणि देव घासले आहेत. डावीकडच्या खांबापासून सुरुवात केली. काजळी निघाली. पाणी आधी काळं झालं, मग पिवळं. पिवळं बघून मला समाधान वाटलं, सोनं उजळतंय असं वाटलं. उजवा खांब घासला. गोळे एकेक करून घासले. मागची फळी सोडवली, तर जहाजाच्या काचेला मागून धूळ चिकटलेली, ती ओल्या फडक्याने जोरात पुसली. आणि फळीवरचा तो कागद. आपण नव्या भांड्यावरचं लेबल ठेवतो का? मी त्यावर ओलं फडकं टाकून ठेवलं, दहा मिनिटांनी तो सुरीने अलगद निघाला. बारीक तुकड्यांत निघाला.

मग मी दोन तांबे पाणी ओतलं आणि उभी राहून बघितलं.

खांब लाल होते. काही ठिकाणी पांढरे. तेरा गोळ्यांपैकी अकरा खडूसारखे पांढरे, दोन कोपऱ्यात माझा हात पोहोचला नाही म्हणून सोनेरी. वरच्या काचेवर समुद्र होता. जहाज नव्हतं. मोरीच्या जाळीभोवती पिवळा गोल फिरत होता, तो माझ्या डोळ्यांदेखत आत गेला.

"आजी," अस्मी म्हणाली, "यू लिटरली इरेज्ड हिस्टरी."

ह्यांना उठवून दाखवलं. हे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "जहाज कुठे गेलं?" मी म्हटलं, बुडालं. हे परत जाऊन झोपले.

मी मुनीरभाईंना फोन लावला, चांगला फैलावर घ्यायचा म्हणून. रंग उडणारा माल गळ्यात मारलात, असं सुरू केलं. त्यांनी शांतपणे विचारलं, पानी लगाया? मी म्हटलं, थोडंसं. 

"अम्मा," ते म्हणाले, "पेंट होता तो नहीं निकलता. नक़ली पे पानी डालो, कुछ नहीं होता. असली सोने का वरक़ पानी से निकलता है. नीचे लाल मिट्टी होती है, उसके नीचे सफ़ेद." मग म्हणाले, "मुबारक हो. असली था."

माझ्याकडे खरा अमेरिकन आरसा होता याचा यापेक्षा पक्का पुरावा कुणाकडे नसेल. फक्त तो पुरावा मोरीतून गेला होता.

हळदीकुंकू रद्द करता येत नव्हतं. आरसा न लावणंही शक्य नव्हतं, मुझम्मिलने स्वतः ड्रिलवाला पाठवला होता आणि भिंतीला चार भोकं पडली होती. मी रात्रभर विचार केला. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी करामाच्या फुलवाल्याकडून झेंडूची जाड माळ आणली आणि चौकटीभोवती चारी बाजूंनी बांधली. खांब झाकले, गोळे झाकले, मधे स्वच्छ काच. लांबून पाहिलं, फार प्रसन्न दिसत होतं.

जवळून कोण आधी बघणार, हे मी ठरवलं नव्हतं. सेक्रेटरी आल्या. टेबलाचा प्रसंग त्या विसरल्या नसाव्यात, पण हसून आरशापुढे गेल्या, केस सारखे केले, आणि तिथेच थिजल्या. उभी चौकट, तिला झेंडूचा हार, हारात त्यांचा चेहरा. कपाळावर मी नुकतंच लावलेलं कुंकू. खाली चौरंगावर मी शोभेला समई ठेवली होती आणि उदबत्तीही लावली होती. त्यांनी दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाच माहीत. मग एकेक बाई त्यात बघायची आणि गप्प होऊन सोफ्यावर जाऊन बसायची. एकीने विचारलं, वारलं का कुणी? संजनाने उत्तरेकडे तोंड असल्याचं सांगून पाहिलं, त्याने आणखीच शांतता पसरली.

लतिका सगळ्यांत शेवटी आली. अबू धाबीहून, निळी पैठणी नेसून. सरळ आरशापुढे गेली. दोन्ही हात कमरेवर ठेवून स्वतःकडे बघितलं.

"आशा," ती म्हणाली, "मला हार घातलास?"

सगळ्या हसल्या. खरं तर तिने तो प्रसंग वाचवला, हळदीकुंकू पुढे नीट झालं, वाणही सगळ्यांना आवडलं. पण माझ्या घरात, माझ्या आरशावर, हसू लतिकाने मिळवलं. वड्यांना 'बरं झालंय' म्हणाली. जाताना तिने माळेचं एक फूल बोटाने जरा बाजूला केलं, आत बघितलं आणि परत सारखं केलं. मला वाटलं, तिला काही कळलं नाही.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात मुनीरभाईंचं एकच वाक्य फिरत होतं. नक़ली पे पानी डालो, कुछ नहीं होता.

लतिकाचा आरसा लखलखीत होता. दोनशे वर्षांचं काही एवढं लखलखतं का? मी एकाहत्तर वर्षांची आहे, माझ्याकडे बघा. साहेब लोक जाताना खरी वस्तू घरच्या भावात का देतील? जितका विचार केला तितकी माझी खात्री होत गेली की तो रंग आहे, डब्यातला. मला काही जाहीर करायचं नव्हतं. फक्त मला एकटीला माहीत हवं होतं. मग तिच्या घरी जाऊन ते दही खाताना मला शांतपणे हसता आलं असतं.

रथसप्तमीच्या आधी लतिकाच्या नातवाचं बोरनहाण होतं. त्याबरोबर हळदीकुंकूही. मी अंजिरी सिल्कची साडी नेसले, पदर लांब ठेवला. हे म्हणाले, आज एवढी खुशीत का? मी म्हटलं, लेकराचं बोरनहाण आहे, आनंद नको व्हायला?

दीड वर्षाचा मुलगा, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेला. देवांशच्या बायकोने डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि चॉकलेटं ओतली. बिल्डिंगमधली वीसेक पोरं त्यावर तुटून पडली. बायका पोरांना आवरायला धावल्या. कॅमेरे तिकडे, आरडाओरडा तिकडे. मी गुलाबदाणी हातात घेतली, जणू काही शिंपडायला निघाले आहे, आणि भिंतीकडे सरकले.

पदराचं टोक गुलाबपाण्याने चिंब भिजवलं. आरशाच्या खालच्या कडेला एक कोरीव पान होतं, आतल्या बाजूने, कुणाला दिसणार नाही असं. त्यावर पदर ठेवला. देवाचं नाव घेतलं आणि मनापासून प्रार्थना केली की निघू नये.

घासलं. एकदा. दोनदा. जरा दाबून.

पदर उचलून बघितला. अंजिरी रंगावर सोनं, बोटाच्या पेराएवढं, चकचकीत. पानावर तेवढाच लाल डाग.

खरं होतं. लतिकाचं सोनं खरं होतं.

मी गुलाबदाणी जागेवर ठेवली, पदर खोचला आणि सोफ्यावर जाऊन बसले. लतिकाने दही-पोह्यांची वाटी आणून दिली. ते मी खाल्लं. चव आली नाही.  परत येताना गाडीत हे दोनदा म्हणाले, बरं वाटत नाहीये का?

चार दिवसांनी लतिकाचा फोन आला. तिचा आवाज असा होता की मी आधी खुर्ची घेतली.

देवांशने विम्यासाठी जुन्या वस्तूंचा एक जाणकार बोलावला होता. इंग्रज, पांढरे हातमोजे घालून आलेला. त्याला आधी शंका होती. आरसा फारच चांगला राहिलाय, मागाहून सोनेरी रंग दिला असेल असं म्हणत होता. मग बॅटरी मारून बघता बघता त्याला खालच्या पानावर लाल डाग दिसला. सोनं विरून खालची जुनी लाल माती वर आलेली. तो गुडघ्यावर बसला म्हणे. म्हणाला, हे वयाचं लक्षण, असं खोटं करताच येत नाही, याला हात लावू नका. आकडा जो सांगितला तो ऐकून देवांशची बायको पाणी प्यायला गेली.

मी म्हटलं, "बरं झालंय."

"हो ना," लतिका म्हणाली. "आशा, तो डाग दिवाळीत नव्हता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तुझ्यासाठी दही काढत होते. तुला सांगितलं होतं ना, त्या काचेत सगळी खोली दिसते. तू एवढीशी दिसत होतीस. पदर आणि तू."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? माळेमागे मी बघितलं होतं की." मग हळू आवाजात विचारलं, "तुझं सगळंच गेलं का गं?"

"दोन गोळे राहिलेत," मी म्हटलं. "कोपऱ्यातले. आणि समुद्र."

पलीकडून आधी नुसता श्वास आला, मग हसू. तिला हसताना ठसका लागतो, चाळीस वर्षांपूर्वी समोरच्या फ्लॅटमधून भिंतीपलीकडून ऐकू यायचा. मलाही हसू आलं. मी ते दाबलं.

देवांशला तिने काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही म्हणाली. फोन ठेवताना म्हणाली, "पुढच्या वेळी येशील तेव्हा कोरड्या पदराने ये." एवढंच.

माझं मन मोठं आहे, मी तिच्यावर रागावले नाही. पण मला एक गोष्ट अजून लागून राहिली आहे. चाळीस वर्षं मी वाट बघत होते की लतिकाच्या हातून एखादी मोठी चूक व्हावी आणि मी तिला उदारपणे माफ करावं. काय बोलायचं तेही मनात ठरलेलं होतं. ती संधीसुद्धा तिलाच मिळाली, आणि मी ती वापरली असती त्यापेक्षा तिने ती चांगली वापरली.

आमचा आरसा अजून उत्तरेच्या भिंतीवर आहे. माळ काढली. आता कुणी विचारलं की आमच्याकडे खरं अमेरिकन सोनं किती आहे, तर दोन गोळे. आणि कपाटात एक अंजिरी साडी आहे, तिच्या पदराला बोटाच्या पेराएवढं लतिकाचं. ती मी धुतलेली नाही.